राहायला जाण्यापूर्वी घर पूर्ण सजवावे, की राहता राहता?

उंबरठा

नमस्कार. आमच्या नव्या घराच्या किल्ल्या हातात आल्या आहेत आणि सध्याचे भाड्याचे घर रिकामे करून द्यायला अजून काही महिन्यांचा अवधी आहे. या अवधीत नवे घर कपाटांपासून पडद्यांपर्यंत आणि दिव्यांपासून भिंतीवरच्या चित्रांपर्यंत पूर्ण सजवून मगच राहायला जावे, की पाणी, वीज, स्वयंपाकघर आणि झोपण्याची सोय एवढेच करून राहायला जावे आणि बाकीचे तिथे राहता राहता ठरवावे, यावर आमच्या घरात सरळ दोन मते पडली आहेत. दोन्ही मतांत तथ्य आहे असे वाटत असल्यामुळे येथील अनुभवी मंडळींना विचारते आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की एकदा सामान आत आले, मुलीची शाळा आणि आमच्या दोघांच्या नोकऱ्या सुरू झाल्या, की सुताराला घरात घेणे दर वेळी पुढे ढकलले जाईल आणि जे अर्धवट राहिले ते अर्धवटच राहील. इंटिरिअर डिझायनरने संपूर्ण घराची त्रिमित चित्रे करून दिली आहेत. त्यांत सोफ्यावरच्या उशांचे अभ्रे आणि कोपऱ्यातल्या फुलदाण्यासुद्धा ठरलेल्या आहेत, आणि सगळे काम एकाच हाती सोपवून आपण फक्त कपडे घेऊन राहायला जावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. चित्रे खरोखर देखणी आहेत. माझी अडचण एवढीच, की ज्या खोल्यांसाठी हे सगळे ठरले आहे त्या खोल्यांत आम्ही अजून एक पूर्ण दिवसही काढलेला नाही. दुपारचे ऊन कुठवर आत येते, रात्री कोणत्या खिडकीतून आवाज येतो, शाळेतून आल्यावर मुलगी दप्तर कुठे टाकणार आहे, यांतले मला काहीच माहीत नाही, आणि तरीही सोफ्याचे माप, रंग आणि जागा मी आज कायम करायची आहे.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर राहणार आहेत. त्या काठी घेऊन चालतात आणि रात्री त्यांना उठावे लागते, त्यामुळे नव्या जागेत त्यांना चाचपडावे लागू नये ही माझी पहिली काळजी आहे. दुसरे म्हणजे मुलीला उग्र वासांचा आणि धुळीचा त्रास होतो, आणि सगळे फर्निचर एकदम नवे असेल तर तो वाढेल का, हे मला कळत नाही.

ओळंबा

मी घरांच्या अंतर्गत कामांवर देखरेख करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबेल. आपण प्रत्येक वस्तूसाठी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, असे मी सुचवीन. ती नंतर बदलायची झाली तर काय काय फोडावे लागेल, हा पहिला. आणि तिच्याविषयी निर्णय घ्यायला लागणारी माहिती आज आपल्याजवळ आहे का, हा दुसरा. आपल्या यजमानांचे मत पहिल्या प्रश्नातून आले आहे आणि आपले दुसऱ्यातून, म्हणून दोघांचेही बरोबर वाटते.

भिंतीत, जमिनीत आणि छतात जे जाते ते सगळे राहायला जाण्यापूर्वी पूर्ण झालेच पाहिजे, यात मला कोणतीही सूट द्यावीशी वाटत नाही. कन्सिल्ड वायरिंग, नळाच्या लाइनी, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, फरशी, फॉल्स सीलिंग करायचे असल्यास ते, पुट्टी आणि रंगाचे पहिले हात ही कामे माणसे राहत असताना करणे म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या फुप्फुसांवर आणि मनःशांतीवर अन्याय आहे. न्हाणीघराची परीक्षा मात्र कपाटे बसवण्यापूर्वी करून घ्या. जाळीचे तोंड बंद करून आणि दाराशी छोटा बांध घालून चोवीस तास पाणी साठवून ठेवावे, आणि खालच्या मजल्याचे छत व लगतच्या भिंती बाहेरच्या बाजूने तपासाव्यात. ओल दिसली तर त्या अवस्थेत फक्त फरशी उचलावी लागते. लगतच्या भिंतीला कपाट लागल्यानंतर दिसली, तर कपाटही जाते.

वायरिंगसाठी फर्निचरचा आराखडा आधी लागतो, आणि इथे पुष्कळ घरांत गाडी अडते. पलंग कोणत्या भिंतीला येणार हे ठरले नसताना पॉइंट ठेवले जातात, मग कपाट येते आणि पंख्याचे बटण नेमके कपाटामागे जाते. परवाच एका घरात पाहिले, की रात्री दिवा घालवण्यासाठी घरच्यांना कपाटाचे दार उघडून आतल्या कपड्यांमागे हात घालावा लागत होता, कारण पाठीच्या प्लायला भोक पाडून सुताराने तेवढीच वाट ठेवली होती. म्हणून फर्निचर आज घ्यायचे नसले तरी त्याच्या जागा कागदावर आजच ठरवाव्यात आणि जिथे शंका असेल तिथे दोन्ही शक्यतांना पुरतील असे पॉइंट ठेवावेत. जास्तीचा पॉइंट भिंत उघडी असताना अगदी स्वस्तात होतो. पलंगाशी आणि खोलीच्या दाराशी मिळून टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता-घालवता येईल असे, जरूर घ्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. स्वयंपाकघराचा निर्णय घ्यायला नव्या घरात राहून पाहण्याची गरज नसते, कारण त्याची बरीचशी माहिती आपल्या शरीरात आणि आजच्या भांड्यांत आहे. ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी, म्हणून बहुतेक ओटे ८५ ते ९० सेंटिमीटरच्या आसपास होतात. पण तिथे सर्वांत जास्त उभे कोण राहते त्याचे कोपर मोजा, सरासरीच्या भरवशावर राहू नका. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यामधल्या त्रिकोणाची कल्पना १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात मांडली गेली. त्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज ४ ते ७.९ मीटरच्या दरम्यान असावी असा तो संकेत आजही उपयोगी पडतो, फक्त दोन माणसे एकाच वेळी काम करणार असतील तर ओट्यापुढची जागा सढळ ठेवावी लागते. कपड्यांच्या कपाटाचेही तसेच आहे. हँगरला लावलेले कपडे आडवे मावायला ६० सेंटिमीटर खोल जागा लागते, ती कोणत्याही घरात बदलत नाही. आजच्या कपाटांतले लांब कपडे, घडीचे कपडे, पांघरुणे आणि प्रवासी बॅगा यांची मापे घेऊन आतले कप्पे ठरवा. बाहेरचा रंग त्यानंतर.

माप घेताना नकाशावर विसंबू नका. भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) नसतात आणि कोपरे गुण्यात (काटकोनात) नसतात, हे आम्ही रोज पाहतो. एकाच भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी निघेल ती धरा. तयार फर्निचर असेल तर इमारतीचे दार, जिन्याचे वळण, लिफ्टची उंची आणि घराचे दार या सगळ्यांतून ते आत जाते का हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहा. सोफा काटकोनी वळणावरून कसा न्यायचा हा प्रश्न गणितातही आहे. लिओ मोझर यांनी १९६६ मध्ये तो रीतसर मांडला, आणि एक एकक रुंदीच्या वाटेतून वळवता येईल असा सुमारे २.२१९५ एकक क्षेत्रफळाचा आकार जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये दाखवला. आपल्या जिन्यात मात्र कठडाही असतो आणि सोफा उचलणाऱ्यांची कोपरेही असतात, म्हणून पाय आणि पाठ सुटी होणारा सोफा निवडणे सुरक्षित.

नवे बांधकाम असेल तर भिंतींच्या ओलीचाही विचार करा. काँक्रीट वाळायला साधारणपणे २५ मिलिमीटर जाडीमागे एक महिना, असा ठोकताळा धरतात. बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही आणि तिथे बुरशी धरते, म्हणून शक्यतो कपाटे आतल्या भिंतींना घ्या किंवा मागे बोटभर फट ठेवा.

शेवटचा_हात

ओळंबा यांनी लिहिलेले मला मान्य आहे. तरीही मी यजमानांच्या बाजूने बोलणार आहे, कारण ‘राहता राहता ठरवू’ हे ऐकायला जितके शहाणपणाचे वाटते तितके ते नोकरी करणाऱ्या जोडप्याला जमत नाही. तात्पुरती म्हणून टेकवलेली खुर्ची आणि खिडकीला बांधलेली जुनी चादर वर्षानुवर्षे तिथेच राहते. डोळ्यांना तिची सवय होते, आणि मग पाहुणे येणार असले की घाईघाईत कसेतरी पडदे घेतले जातात. घरात माणसे राहत असताना लाकूडकाम काढले तर पॉलिशपेपरची बारीक धूळ बंद दाराखालून गादीपर्यंत पोहोचते. आपल्या मुलीला धुळीचा त्रास होतो हे लक्षात घेता, लाकूड घासण्याचे, ड्रिल मारण्याचे आणि रंगाचे प्रत्येक काम आधीच संपवणे हा एकच सुरक्षित मार्ग मला दिसतो.

आधी पूर्ण करायचे ठरवले तर कामांचा क्रम पाळण्यावर सगळे अवलंबून आहे. फोडाफोड, वायरिंग आणि नळकाम, वॉटरप्रूफिंग आणि फरशी, छत, पुट्टी आणि रंगाचे आधीचे हात, मग सुतारकाम, त्यानंतर रंगाचा शेवटचा हात, मग दिवे आणि नळ, मग कोपऱ्याकोपऱ्यातून ओल्या फडक्याने केलेली सफाई, आणि ती झाल्यावरच कापडाची प्रत्येक वस्तू, हा क्रम मोडू नये. सोफा, गादी, गालिचा आणि पडदे सफाईच्या आधी घरात आले तर त्यांत बसलेली धूळ नंतर कधीच पूर्ण निघत नाही, प्लास्टिकचे आवरण असले तरीही. सुताराची तारीख नेहमी पुढे सरकते, तेव्हा दुकानदाराला सामान पोहोचवण्याची तारीख बदलून मिळेल का, हे मागणी नोंदवतानाच लेखी ठरवून घ्या.

खरेदीची घाईही नको. वस्तू परत करण्याची मुदत आणि वॉरंटी बहुतेक वेळा खरेदीच्या किंवा ती घरी पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते, आपण ती वापरायला लागल्यापासून नव्हे. बंद घरात महिनोन्‌महिने पडलेल्या धुलाईयंत्राचा दोष पहिल्या धुलाईला कळतो, तोवर परतीची मुदत संपलेली असते. म्हणून यंत्रे राहायला जाण्याच्या अगदी तोंडावर आणवावीत आणि आणताच प्रत्येक यंत्र एकदा पूर्ण चालवून पाहावे.

सगळे एकाच हाती सोपवणार असाल तर करारात प्रत्येक वस्तूचा प्रकार, जाडी, बिजागऱ्या आणि चॅनेल कोणत्या प्रतीचे, आणि काम झाल्यावर दोष काढून द्यायची मुदत किती, हे लिहून घ्या. शेवटचा हप्ता दोषांची यादी संपल्याशिवाय देऊ नये. प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर आणि प्रत्येक नळ स्वतःच्या हाताने उघडून बंद केल्याशिवाय ती यादी पूर्ण झाली असे मानू नका.

मोकळी_हवा

मुलीच्या त्रासाविषयी स्वतंत्र लिहितो, कारण ही बाब सजावटीच्या चर्चेत नेहमी मागे पडते. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ज्या रेझिनने चिकटवलेले असतात त्यांतल्या अनेकांत युरिया-फॉर्माल्डिहाइड असते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला, आणि संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा सांगितली आहे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्यांना खोकला लागणे, हे त्याचे लगेच जाणवणारे परिणाम आहेत.

बोर्डावर ई-१, म्हणजे फॉर्माल्डिहाइड ठरावीक मर्यादेत सुटत असल्याचा, शिक्का असला म्हणजे चिंता मिटली, असे नाही. ई-१ ची मर्यादा चाचणीच्या कक्षात दर घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम अशी असते आणि ती चाचणी खोलीच्या दर घनमीटरमागे बोर्डाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग या प्रमाणात होते. लहान शयनकक्षात भिंतभर कपाट, पलंगाखाली कप्पे, अभ्यासाचे टेबल आणि डोक्यावर पुस्तकांची फळी असे सगळे एकदम केले तर कप्प्यांची आतली बाजू धरून हे प्रमाण सहज ओलांडले जाते. म्हणून मुलीच्या खोलीत बोर्डाचे काम मुद्दाम कमी ठेवा, शक्य तिथे भरीव लाकूड किंवा धातू घ्या, आणि जे कराल त्यात ई-० प्रतीचा किंवा फॉर्माल्डिहाइड न घालता केलेला बोर्ड मागा. कापलेली कड आणि पाडलेले भोक यांतून वायू सर्वांत जास्त सुटतो, त्यामुळे समोर महागडे लॅमिनेट आणि मागे उघडा बोर्ड, हे चालवून घेऊ नये. पाठ, आतली बाजू आणि चारही कडा झाकलेल्या आहेत ना हे कपाट भिंतीला लागण्यापूर्वी उलटे करून पाहा.

रंगाचा वास दिवसांत किंवा फार तर आठवड्यांत बराच ओसरतो. बोर्डातला वायू तसा नाही. तो महिनोन्‌महिने सुटत राहतो, कारण हवेतल्या दमटपणाने रेझिनचे विघटन चालूच असते, आणि उष्णता वाढली की वेगही वाढतो. काम संपल्याबरोबर दुसऱ्या दिवशी राहायला जाऊ नका, एवढे आपल्या वेळापत्रकात नक्की बसवा. मधल्या काळात सगळ्या कपाटांची दारे आणि ड्रॉवर उघडे ठेवून समोरासमोरच्या खिडक्यांतून हवा वाहती ठेवावी, आणि राहायला गेल्यावरही पहिले काही महिने रोज तसे करावे. नाकावर विसंबू नये, कारण नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावते.

झाडांविषयी एक खुलासा. खोलीत कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, ही समजूत नासाच्या १९८९ मधल्या अभ्यासावरून पसरली. तो अभ्यास हवाबंद कक्षांत झाला होता. घराच्या हवेत तसा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला निदान दहा, कदाचित शेकड्यांनी झाडे लागतील, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने दाखवले. झाडे डोळ्यांना सुख देतात म्हणून जरूर लावा. हवेसाठी खिडकीच उघडावी लागेल.

मंद_दिवा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळे आधी ठरवावे का, हा आपल्या प्रश्नाचा भाग अजून कोणी हाती घेतलेला नाही, आणि तिथे माझे मत आपल्या बाजूचे आहे. उजेड, आवाज आणि घरातल्या माणसांच्या चालण्याच्या वाटा या तीन गोष्टींची माहिती फक्त ते घरच देऊ शकते, आणि रंग, पडदे, गालिचे, दिवे आणि बैठकीची मांडणी नेमक्या याच तीन गोष्टींवर उभी असते.

त्रिमित चित्रातला उजेड संगणकाने ठरवलेला असतो. खरी भिंत सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली तीन वेगळे रंग दाखवते. दोन रंग दुकानाच्या दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि घरच्या उजेडात वेगळे पडतात, हे पडदा आणि सोफ्याचे कापड जुळवताना हटकून होते. यासाठी एक सोपा उपाय करा. हातात मावेल एवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात द्या, तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीला, मग खिडकीच्या शेजारच्या भिंतीला आणि मग सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात टेकवून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहा, आणि सोफ्याच्या कापडाचा तुकडा त्यालाच लावून ठेवा. कोपऱ्यात तो रंग मळकट दिसू लागला तर एक छटा फिकी घ्यावी. अंतिम निवड घरात जे दिवे लागणार आहेत त्यांच्याच उजेडात करा. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, ४००० चा तटस्थ आणि ६५०० चा निळसर पांढरा यांत तीच भिंत ओळखू येणार नाही इतकी बदलते. एका खोलीत दोन जातींचा उजेड मिसळू नका, आणि रंग खरे दिसावेत म्हणून ज्यांचा रंगदर्शन निर्देशांक ९० किंवा अधिक आहे असेच दिवे घ्या.

आपल्याकडे किल्ल्या आहेत, म्हणजे राहायला न जाताही बरीच माहिती आज मिळू शकते. एखादी सुट्टी सगळ्यांनी त्या रिकाम्या घरात काढा, चटई आणि खुर्च्या घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत. ऊन जिथवर येते तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा. पलंग, जेवणाचे टेबल आणि सोफा यांच्या खऱ्या मापाच्या चौकटी कागदी चिकटपट्टीने फरशीवर आखा आणि त्या ओलांडायच्या नाहीत असे ठरवून घरात वावरा. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि मागून कोणाला जायला टेबलाच्या कडेपासून ९० सेंटिमीटर लागतात, सोफा आणि पुढच्या बैठ्या टेबलामध्ये ४० ते ४५ सेंटिमीटर पुरतात, हे आकडे कागदावर वाचण्यापेक्षा पायांनी मोजले की पटतात. कपाटाच्या दाराच्या रुंदीचा पुठ्ठा कापून तो उघडल्यासारखा फिरवून पाहा. दार पलंगाच्या कोपऱ्याला अडत असेल, तर ते त्याच वेळी कळेल आणि सरकत्या दाराचा निर्णय वेळेत घेता येईल.

मी आपल्या जागी असते तर पडद्यांचे रॉड, छताचे दिवे, कपाटे आणि जेवणाचे टेबल आधी करून घेतले असते. बैठकीत आज असलेलाच सोफा नेऊन ठेवला असता, आणि गालिचा, उभे दिवे, चित्रे व उशा यांसाठी ठरलेल्या खर्चाचा वाटा बाजूला काढून ठेवला असता. शेवटचा_हात यांची भीती रास्त आहे, अर्धवट राहते हे खरे. त्यावर उपाय म्हणून या उरलेल्या कामांसाठी डिझायनरची दुसरी भेट राहायला गेल्यानंतरच्या ठरावीक महिन्यात करारातच लिहून घ्यावी. चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा असा एक संकेत आहे, पण कोणते चित्र कोणत्या भिंतीला, हे आपण कुठे बसता यावर ठरते.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनाही हे वाचून दाखवले. भिंती, जमीन, छत, स्वयंपाकघर आणि कपाटे आधी पूर्ण करायची, काम संपल्यावर घर हवेशीर होऊ द्यायला मोकळा काळ ठेवायचा आणि बैठकीची सजावट दुसऱ्या भेटीसाठी राखायची, यावर आमचे एकमत झाले आहे. सासूबाईंच्या खोलीचे मात्र अजून कळत नाही. तीही थोडी उघडी ठेवावी आणि त्यांच्या सोयीने बदलत जावे, की पहिल्याच दिवशी पूर्ण तयार असावी?

आधारकाठी

वयस्कर आणि आजारातून उठलेल्या माणसांना घरात हिंडते-फिरते करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देते. ती खोली आणि तिच्याबरोबरचे न्हाणीघर पहिल्या दिवशी शेवटच्या खिळ्यापर्यंत पूर्ण असले पाहिजे. आपण सगळे नव्या जागेला दिवसा, उजेडात सरावतो. काठी घेणारे माणूस अर्ध्या झोपेत, अंधारात, जुन्या घराच्या सवयीने पाऊल टाकते, आणि पडण्याचा धोका तिथे असतो. त्या वयात डोळ्यांच्या आतपर्यंत पोहोचणारा उजेडही कमी झालेला असतो. विशीच्या तुलनेत साठीच्या डोळ्यात आतल्या दृष्टिपटलावर सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना पुरेसा नसतो.

पलंग आज त्या ज्या बाजूने उतरतात त्याच बाजूने उतरता येईल असा ठेवावा. गादीसकट उंची साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर ठेवावी, पण बसल्यावर तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघे काटकोनात येतात हे त्यांना प्रत्यक्ष बसवून पाहूनच. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत ९० सेंटिमीटर रुंदीची सलग वाट हवी आणि त्या वाटेवर उंबरा, वायर, सुटा गालिचा किंवा पायपुसणे यांपैकी काहीही नको. जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाहूल लागताच आपोआप लागणारे मंद पिवळे दिवे त्या वाटेवर लावा. त्याचे पॉइंट आत्ता भिंत उघडी असतानाच सांगून ठेवावे लागतील.

न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते. कमोडजवळ आणि शॉवरजवळ आधाराचे दांडे ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर येतात. ते नुसत्या टाइलवर नव्हे, तर पक्क्या भिंतीत रोवलेले आणि एका माणसाचा पूर्ण भार पेलणारे असावेत. भिंत पोकळ असेल तर टाइल लावण्यापूर्वी आतून आधार द्यावा लागतो, म्हणून हेही डिझायनरला या आठवड्यातच कळवा. दांडे भिंतीच्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळ्या रंगाचे घ्या. पांढऱ्या टाइलवर पांढरा किंवा चकचकीत स्टीलचा दांडा कमी दिसणाऱ्या डोळ्यांना सापडत नाही. खोलीतली उंच कपाटे भिंतीला स्क्रूने बांधून घ्या, कारण तोल गेला की माणूस हाताशी येईल ते धरते.

राहिली सजावट. त्यांच्या खोलीत नवी वस्तू शक्य तितकी कमी आणावी. त्यांचे आजचे कपाट, खुर्ची, घड्याळ आणि उशाजवळचे छोटे टेबल त्याच क्रमाने तिथे मांडा, म्हणजे चष्मा आणि पाण्याचा तांब्या जिथे हात जातो तिथेच सापडेल. जागा बदलण्यापूर्वी पलंगावरून हात लांबवल्यावर काय किती अंतरावर येते याची मापे आणि दोन-चार छायाचित्रे घेऊन ठेवा. शक्य असेल तर सामान हलवण्याआधी दिवसाउजेडी त्यांना तिथे नेऊन पलंग ते न्हाणीघर ही वाट काठीसह चालायला सांगा, आणि त्यांचा हात आधारासाठी भिंतीवर जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. दांडा त्या खुणेवर लावायला सांगा.